नाकारलेले बावीस गुण

तीर्थरूप बाबांना, त्रिएस्तेहून फ्योरेल्लाचा नमस्कार.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. आईचा गुडघा कसा आहे?

बाबा, विमागणिताच्या तोंडी परीक्षेत मला जूनमध्ये तीसपैकी बावीस मिळत होते. बावीस म्हणजे पासच, पण इथे विद्यापीठात मिळालेले गुण नाकारून जास्तीसाठी पुन्हा बसता येतं. पुन्हा बसले तर नापास होण्याची शक्यता मी फार थोडी काढली होती, म्हणून ताठ मानेने नाकारले. त्यानंतर तीनदा नापास झाले. काल सगळ्यांदेखत सर म्हणाले, "तेव्हा बावीस घेतले असते तर, बाईसाहेब!" सगळे हसले. पुन्हा बसायचं बळ नाही.

तुम्हाला मी पास झाल्याचं खोटंच कळवलं होतं.

पदवीच्या दिवशी माझ्या डोक्यावर घालायच्या पानांच्या मुकुटासाठी तुम्ही अंगणातल्या लॉरेलच्या झाडाला कुणाला हात लावू देत नाही ना? आईला म्हणावं, ती पानं आता तमालपत्रासारखी खुशाल रश्श्यात घाल.

तोंड दाखवायला लाजणारी तुमची,
फ्योरेल्ला