प्रफुलभाऊंना शाळा दाखवली

२३ मार्च, रविवार
गडचांदूरला बारसं. पंगतीत प्रफुलभाऊ, म्हणजे बायकोचे मोठे भाऊ, सिमेंट प्लांटच्या ऑफिसात असतात, सगळ्यांदेखत म्हणाले की झेडपीच्या मास्तरायले काम काय असते जी, सारे फुकटचा पगार उचलून राह्यले. लोक हसले. मीही हसलो. बायकोही हसली, ते मात्र लागलं.
परतताना बसमध्ये सणसणीत उत्तर तयार केलं. आलापल्लीपर्यंत पाठ होतं, एटापल्लीला उतरलो तेव्हा निम्मं विसरलो. हरकत नाही. पेपरात लेख लिहायचा. शांत, मुद्देसूद.

२४ मार्च, सोमवार
लेखाची पहिली ओळ झाली: 'शिक्षक हा समाजाचा'. तेवढ्यात वरून मेसेज, शाळेच्या शौचालयाचा फोटो अर्जंट पाठवा. शाळेच्या गावात फोटो जाण्याइतकं नेटवर्क नाही, टेकडीवर चढलो. फोटो गेला, लेख राहिला.
शाळेत आम्ही दोघंच. सरिता मॅडमना विचारलं, असं कोणी बोललं तर तुम्ही काय करता? म्हणाल्या, काही नाई करत सर, दुसरीची वजाबाकी राह्यली अजून. बाईंमध्ये लढाऊ वृत्ती नाही.

२६ मार्च, बुधवार
लेख रद्द. आजकाल वाचतं कोण? प्रफुलभाऊंना फोन केला: शनिवारी सकाळी सातला या, डोळ्यांनी पाहा. चक्क हो म्हणाले. रांगेत उभी पोरं आणि प्रार्थना पाहिली की माणसाचं तोंड कायमचं बंद.
बायको म्हणाली, मोहफुलं वेचायचे दिवस आहेत, पोरं येतील का? तिला काय कळतं. पोरांना खास बजावलं आहे. सगळी एका सुरात हो म्हणाली.

२९ मार्च, शनिवार, स. ७
हजर: मी, सरिता मॅडम, प्रफुलभाऊ, एक शेळी.
पोरं रानात, मोहफुलं वेचायला. प्रफुलभाऊंनी नुसतं घड्याळ पाहिलं.

तोच दिवस, दुपार
रानात गेलो. या दिवसांत रोजच जातो, आज पाहुण्यामुळे उशीर झाला. आमच्या शाळेतल्या डोमाची आई सोमारीबाई, तिचा नियम सोपा आहे: टोपली भरली की पोरगा सुटला. बाकीच्यांचंही तसंच. म्हणून मीही उकिडवा बसून वेचतो. वेचता वेचता पोरांकडून पाढे म्हणवून घेतो. पाढे बरे होतात, कंबर जाते.
सातचा पाढा चालू होता आणि मागून फोटो काढल्याचा आणि हसण्याचा आवाज आला. प्रफुलभाऊ.
सोमारीबाई उठली. हात नाचवत त्यांना गोंडीत बराच वेळ झापलं. म्हणाली, हा गुरुजी नसता तर मोह संपेपर्यंत आमची पोरं शाळेत दिसली नसती. हा वेचतो म्हणून पोरं सुटतात. तू कोण हसणारा? माझे डोळे भरून आले. इतक्या वर्षांत आमच्या बाजूनं असं कोणी बोललं नव्हतं.
प्रफुलभाऊंनी विचारलं, काय म्हणून राह्यली ते? तिथं गोंडी आणि मराठी दोन्ही येणारा मोठा माणूस मी एकटाच. सगळं भाषांतर करून सांगितलं. संकोचानं थोडं कमीच सांगितलं.
ते म्हणाले, वा जवाईबापू, आपली तारीफ आपणच सांगून राह्यले!

३० मार्च, रविवार
पाडवा. फॅमिली ग्रुपवर माझा फोटो. उकिडवा, पुढ्यात भरलेली टोपली. खाली लिहिलंय: शाळेच्या टायमात गुरुजींचा साइड बिझनेस. खूप जण हसले आहेत. बायको हसली नाही. कंबरेला तेल लावून दिलं.
उत्तर लिहायला बसलो. 'शिक्षक हा समाजाचा'. समाजाचा काय, ते अजून सुचत नाही.
संध्याकाळी सरिता मॅडमचा फोन. सोमारीबाईचा निरोप आहे: मंगळवारी, ईदच्या सुट्टीनंतर, गुरुजींना जरा लवकर यायला सांगा, तिचं दुसरं झाडही गळायला लागलंय.
गजर पाचचा लावला.