भिंतीतला डबा

३ ऑक्टोबर, शुक्रवार

डबा फोडला! माझा डबा फोडला मेल्यांनी!

अक्षर वाकडं येतंय, येऊ दे. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आज पहिल्यांदाच कालव्यापर्यंत चालत गेले. डॉक्टर म्हणाले होते, हळूहळू अंतर वाढवा — म्हटलं, मग डब्यालाच भेटून येऊ. काठी टेकत, थांबत, कशीबशी पोचले. जुन्या पंपघराच्या मागची भिंत. सैल वीट खाली पडलेली. आतला कोनाडा रिकामा. डबा गवतात — झाकण एकीकडे, बूड दगडानं ठेचलेलं. नावं लिहायच्या कागदाचा पार लगदा. लोकांनी ठेवलेले मणी, छोटी खेळणी, ती कासवाची चावीसाखळी — काही म्हणता काही नाही.

नुसतं नेलं असतं तर समजले असते. कुणाला तरी हवा होता, म्हटलं असतं. पण ठेचायचं कशाला? काय घोडं मारलं होतं त्यानं कुणाचं?

पिशवीत घालून घरी आणला. ओट्यावर ठेवलाय. चहा केला आणि तसाच ओतून दिला.

४ ऑक्टोबर, शनिवार

आज एका सोफ्याच्या कव्हरची पाठ उलटी शिवली. मी! इतकी वर्षं कारखान्यात शिलाई करते, असं कधी झालं नव्हतं. कटिंगमास्तर आले, कापड उलटसुलट करून बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"काय हो बाई, घरी काही झालं का?"

"डबा गेला माझा."

"जेवणाचा?"

हसावं की रडावं कळेना. मग सांगावं लागलं सगळं. की एक खेळ आहे. आपण एक डबा कुठेतरी लपवायचा, त्या जागेचे आकडे साइटवर टाकायचे. मग अनोळखी माणसं फोनवर बघत बघत येतात, डबा शोधतात, आतल्या कागदावर आपलं टोपणनाव लिहितात, डबा होता तसा लपवून जातात. घरी जाऊन साइटवर दोन ओळी लिहितात — सापडला, मजा आली, असं. आपण त्याला उत्तर द्यायचं.

मास्तरांनी सगळं नीट ऐकून घेतलं. म्हणाले, "म्हणजे डबा लपवायचा तुम्हीच, कुठे लपवला ते जगाला सांगायचंही तुम्हीच, आणि चोरीला गेला की रडायचंही तुम्हीच!"

सगळा कारखाना हसला. मीही हसले. नाहीतर काय करणार?

त्यांना काय सांगू, मास्तर, घरी माझ्याशी बोलणारं कोण आहे म्हणून? हे गेल्यावर लेकीनंच हा खेळ फोनवर टाकून दिला होता. पहिला डबा तिनंच भिंतीत सरकवला, हात खरचटून घेतला. मग ती गेली नवऱ्याबरोबर लांब, तिकडे नोकरी, तिकडे संसार. मला ही माणसं राहिली. ऑपरेशननंतर घरात पडून होते तेव्हा तर यांच्यावरच दिवस काढले मी. पायपीट. भटकभवानी. निळी छत्री. एकाचंही तोंड पाहिलेलं नाही. पण साइटवर काही आलं की मी आधी चष्मा पुसते, मग वाचते. एवढं कुणाच्या पत्रासाठी केलं नसेल.

५ ऑक्टोबर, रविवार

लेकीचा फोन. नेहमीसारखाच, जेमतेम चहा निवेपर्यंत.

"गुडघा?" — बरा आहे. "जेवलीस?" — जेवले, तू? — "हो." जावई? — "कामावर गेलाय." रविवारी? — "हो गं, असतं काम."

मग म्हणाली, "आणि तुझा डबा?"

खरं सांगितलं असतं तर म्हणाली असती, सोड आता ते, एकटी जाऊ नकोस तिकडे, पडलीस तर बघायला कोण आहे. म्हणून थाप मारली. मस्त आहे म्हटलं! वर आणखी मीठमसाला — आत नवीन बरणी ठेवली, कापडाच्या तुकड्यांनी मढवलेली बटणं भरून. येईल त्यानं एक घ्यावं. लाल मखमलीची तर इतकी सुरेख झालीत!

कसली बरणी नि कसली बटणं. डबा समोर ओट्यावर चेपलेला.

"वा," म्हणाली. "बरं, ठेवते."

या वयात लेकीशी खोटं. छान चाललंय माझं.

६ ऑक्टोबर, सोमवार

नियमानं साइटवर "डबा तूर्त बंद" असं टाकायला हवं. लोक उगाच हेलपाटा मारतील. उद्या टाकीन.

८ ऑक्टोबर, बुधवार

टाकलं नाही. बंद म्हटलं की माणसं बंद. बोट तिथवर गेलं आणि परत आलं.

कामावरून सुटल्यावर पंपघराच्या वॉचमनला गाठलं. म्हटलं, माझा डबा फोडला, तुम्ही काय झोपा काढत होता?

"मावशी, काय होतं त्यात? सोनं?"

"सोनं नव्हतं. नावं होती."

मग म्हणाला, "उन्हाळ्यात टवाळ पोरं यायची दगड मारायला, त्यांचंच काम. त्यानंतर इकडे कुणी फिरकलेलंच नाही. फाटकाला कुलूप होतं ना, दुरुस्ती चालली होती. गेल्या आठवड्यातच उघडलं. तुम्हीच पहिल्या."

म्हटलं, माणसं येतात की हो माझ्या डब्याकडे. पावसाळाभर येत होती!

"कुठून येतील? भिंतीवरून उड्या मारून?"

याला काय कळतंय. दिवसा घोरत असणार. पण घरी येईपर्यंत जीव थाऱ्यावर नव्हता.

९ ऑक्टोबर, गुरुवार

आज साइटवर नवीन ओळी. निळी छत्री पुन्हा येऊन गेली म्हणे.

"आज परत गेले. डबा जागच्या जागी, सगळं टापटीप! आतली बटणं किती गोड आहेत. लाल मखमलीचं एक घेतलं, चालेल ना?"

मी वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत वाचलं. मग ओट्याकडे बघितलं. डबा तिथेच.

लाल मखमलीचं बटण जगात कुठेच नाही. ते मी एकाच माणसाला सांगितलं होतं. फोनवर. रविवारी.

११ ऑक्टोबर, शनिवार

दोन दिवस डोक्यात नुसती राख. काल कामावर गेले नाही. डोकं दुखतंय असं कळवलं, ते काही खोटं नव्हतं.

सगळं काढून पुन्हा वाचलं. ऑपरेशनच्या आधीचे लोक खरे, ते मला माहीत आहे, त्यांची नावं मी कागदावर डोळ्यांनी पाहिलेली. पण नंतरचे? फाटकाला कुलूप असताना आलेले? पायपीट — "नोकरी गेली. घरी बसवेना, म्हणून पायांना काम दिलं. तुमचा डबा सापडला, तेवढंच काहीतरी जमलं आज." त्याला मी उत्तर दिलं होतं, अरे, नोकरी गेली, हात तर गेले नाहीत ना? दुसरी मिळेल. उपाशी मात्र राहू नकोस. आणि ती भटकभवानी — "भिंतीला टेकून तासभर बसले. हल्ली घरात बोलायला कुणी नसतं. इथे बरं वाटलं." तिला लिहिलं होतं, अगं, केव्हाही येऊन बस, भिंत तुझीच आहे. रडू आलं तर रड. त्या दिवशी तिच्या काळजीनं माझा घास उतरला नव्हता!

आणि हे सगळं लेकीनं रचलेलं! तिकडे आरामात खुर्चीत बसून! म्हातारी एकटी पडलीय, तिला गुंतवून ठेवा — म्हणून काढली सोंगं. एक बेकार, एक एकटी, एक छत्रीवाली. मीही वेडी, जीव लावून बसले.

म्हणजे माझ्याकडे कुणी येत नव्हतं. एकही माणूस नाही. नुसती दया, तीही पोटच्या पोरीची. डबा फोडणारे परवडले. त्यांनी निदान समोर येऊन दगड तरी मारला.

संध्याकाळी घर इतकं शांत होतं की फ्रिज बंद होऊन पुन्हा सुरू झाला, तर दचकले.

१२ ऑक्टोबर, रविवार

फोन वाजला. उचलला नाही. पुन्हा वाजला. नाही म्हणजे नाही!

१३ ऑक्टोबर, सोमवार

सकाळीच मी लावला फोन. काय काय सुनवायचं ते पाठ करून ठेवलं होतं. म्हटलं, मी काय तुला इतकी बिचारी वाटले? माझ्यासाठी खोटी माणसं बनवावी लागली तुला?

मग म्हणाली —

"तुझ्यासाठी नव्हतं गं, आई. माझी नोकरी खरंच गेली. तो मे महिन्यातच निघून गेला, इथे राहत नाही. फोनवर तू विचारायचीस, सगळं ठीक ना, मी हो म्हणायचे. आणि मग साइटवर जाऊन खरं लिहायचे. तिथे तू मला किती छान उत्तरं द्यायचीस."

दुपारची गाडी मिळतेय. निघाले.