प्रकाश नशेत नव्हता

बडनेरा, मंगळवार, संध्याकाळ

आज त्या परदेशी रेडिओने माफी मागितली. तरी जीव थाऱ्यावर नाही.

शेजारच्या वंदनाचा नवरा, प्रकाश, कापड कारखान्याच्या आगीत गेला. तेव्हा या रेडिओवाल्यांनी बातमीत सांगितलं, कामगार नशेत होता, म्हणून बाहेर पडला नाही. नशेत! मालकाचं ऐकून. प्रकाश कधी थेंबभरही प्यायला नाही. दार बाहेरून बंद होतं, हे त्याच्या सोबत्यांनी मला सांगितलं. तसं चार पानी पत्र धाडलं. इतक्या वर्षांचा श्रोता मी, गप्प कसा बसणार होतो?

आज श्रोत्यांच्या पत्रांच्या कार्यक्रमात निवेदिकेने ते वाचलं. म्हणाली, "शहानिशा न करता बातमी दिली. चूक आमची." ऐकायला मी वंदनाला मुद्दाम घरी बोलावलं होतं. मला वाटलं, रडेल, हलकी होईल.

तिने विचारलं, "काका, नशेत होता हे तं साऱ्या गल्लीच्या मोबाईलवर फिरलं. आता हे कोनं आयकलं?"

आम्ही दोघांनीच.

"पुन्हा लिहितो," मी म्हणालो. "माफीही मोबाईलवर टाका म्हणतो."

"लिहा," ती उठत म्हणाली. "पन त्याईची माय तं पोरगा पिऊन मेला, असंच समजून वारली."