छतावरून आखलेलं घर

३ फेब्रुवारी
उपग्रहाच्या चित्रांवरून घरांच्या रेघा नकाशात आखायचं माझं काम; आज त्यात चक्क आमचं अंबरपेठ आलं! उपग्रहाचं इतकं बारीक चित्र — गच्चीवरची काळी टाकी दिसते, दोरीवरची माझी पिवळी चादर दिसते! आमच्या घराच्या छताच्या कडेनं झटकन रेघ ओढली. मागचं बैठं स्वयंपाकघर छताआड लपलं होतं. पण मला माहीत आहे ना! तेही अंदाजानं जोडून टाकलं.

रात्री घरमालकीण इंदुताईंना सांगितलं. "हौ? मग मी दिसले का गे?" म्हटलं, माणूस म्हणजे नुसता ठिपका हो. खूप हसल्या.

१९ फेब्रुवारी
स्वयंपाकघराच्या भिंतीवर पालिकेची लाल फुली, म्हणजे पाडणार. नव्या नकाशात ते मागच्या नाल्याच्या हद्दीत येतंय म्हणे! इंदुताई जेवल्या नाहीत. "आकाशातनं काढलेला फोटो खोटा कसा असंल?"

२० फेब्रुवारी
ऑफिसात ते चित्र पुन्हा उघडलं. उपग्रहानं तिरकं पाहिलंय. अशा चित्रात उंच घर कलतं — पाया जागेवर, छत भलतीकडे. छताची रेघ पायाशी ओढून आणायची असते. पहिल्याच आठवड्यात शिकवतात हे! मी चादर बघत बसले. नकाशात घर नाल्याकडे सरकलं, आणि त्याच्यामागे मी स्वयंपाकघर चिकटवलं. शी!

गौतमला, आमच्या टीम लीडला, सांगितलं. चिडला नाही. "दुरुस्ती पाठवतो. मंजुरीला वेळ लागेल."

२१ फेब्रुवारी
इंदुताईंनी चहा दिला. "तू नकाशातलीच ना गे, काही होतंय का बघ की." बघते म्हटलं. चूक माझी, हे तोंडातून निघेना. मंजुरी आली की एकदमच सांगेन.

२४ फेब्रुवारी
नाही सांगितलं.

२७ फेब्रुवारी
मंजुरी आली! स्वयंपाकघर हद्दीबाहेर! ऑटो करून घरी आले, तर अंगणभर धूळ. ओट्याचा कडप्पा दोन तुकडे होऊन पडलेला. इंदुताईंनी मजूर लावून स्वतःच पाडून घेतलं होतं. "मशीन येणार, गल्लीत तमाशा होणार — नक्को. आपल्या हातानं काढलेलं बरं."

मला रडू फुटलं. त्यांनीच जवळ घेतलं. आणि मी काय बोलले? "आता बाकीच्या घराला धोका नाही." एवढंच! काय ही माझी जीभ!

२८ फेब्रुवारी
इंदुताईंनी व्हरांड्यात शेगडी मांडली. शिरा केला. येईल त्याला सांगतायत, "या पोरीनं आमचं घर वाचवलं." पहिली वाटी मला दिली.

मी खाल्ला.