धुतलेला पाला

सौ. धाकटीच्या आईस,

देवाच्या कृपेने मी बरा आहे. तुम्ही दोघी कशा आहात? धाकटीचा दमा आता तरी कमी आहे ना?

रविवारी सकाळी देवापुढे दिवा लावला, डबा बांधला आणि कारखान्यामागचा डोंगर चढायला निघालो. क्वार्टर मिळालंच आहे, तर तुम्ही यायच्या आधी आसपास पाहून ठेवावं म्हटलं.

वाट चांगली होती. पण कारखान्याच्या चिमणीच्या बाजूची झाडं शेंड्यापासून वाळलेली, आणि दुपारपर्यंत एक पाखरू दिसलं नाही. वर एका झोपडीपाशी एक म्हातारी डहाळ्या बादलीत बुचकळून मग शेळ्यांपुढे टाकत होती.

"आजी, शेळ्यांचे भारीच लाड!" मी म्हणालो.

"लाड कसले, बाबा! तुमच्या धुराची राख बसते पाल्यावर. न धुता खाल्ला की दात झडतात. दोघींचं माझ्यासारखंच बोळकं झालंय बघ." ती हसली. "बायकापोरं कुठायत तुझी?"

"आणणार आहे आता."

"आण की. पाला धुता येतो रे. वारा कसा धुशील?"

उतरताना सारखी धाकटी डोळ्यांपुढे येत होती.

तू सामान बांधून ठेवलंयस, शेजारणींना सांगूनही झालंय, हे मला ठाऊक आहे. किती वर्षं वाट पाहिलीस! रागावशील, तर रागाव. माझा खोकला किरकोळ आहे, त्याची काळजी करू नकोस.

आज ऑफिसात जाऊन क्वार्टरची किल्ली परत केली.

तुझाच,
धाकटीचे बाबा