सल्लागार मंडळ आणि चाळीस घरं

सोनपेठ,
सोमवार, पूजा आटोपून

चि. वीरभद्र यास थोरल्या बहिणीचा शरणार्थ आणि आशीर्वाद. वैजयंतीलाही तितकाच, आणि या खेपेला तिनं लोणच्यात मीठ बेतानं घातलं असेल तर थोडा जास्त. तुझा गुडघा कसा आहे ते कळव. फोनवर विचारलं की तू "बरा हाय" म्हणतोस आणि मागून वैजयंती खोकते, म्हणून कागदावर विचारायलेय. कागदावर खोटं लिहायला माणसाला जरा वेळ लागतो. माझी तब्येत उत्तम आहे. डॉक्टर साखर आहे म्हणतो. त्याला मी म्हटलं, एवढ्या वर्षांत कुणी माझ्यात साखर आहे म्हणालं नव्हतं, तू पहिलाच. तो हसला नाही. शिकलेली माणसं तपासताना हसत नाहीत.

आता मुद्द्याचं. अर्पिता, आमच्या थोरल्याची पोरगी, इथल्या कॉलेजात कॉम्प्युटरवरच्या चोऱ्या अडवायचं शिकायलीय हे तुला ठाऊक आहे. कोर्स दोन वर्षांचा. एक वर्ष झालं, आणि आता तो बंद पडायच्या बेताला आलाय. बंद पडला तर एकोणीस लेकरांचं वर्ष पाण्यात. त्यात चौदा पोरी आहेत, आणि उरलेलं वर्ष करायला पोरीला नांदेडला ठेवायचं म्हटलं की तिच्या बापाच्या पोटात दुखतं. आमच्या थोरल्याच्याही दुखतं, मी विचारून बघितलं. मग अर्पिता घरी बसणार आणि दिवसभर माझ्या डोळ्यांपुढं फोन बघणार. ते मला बघवणार नाही. कोर्स असा कशामुळं अडकला ते सांगते. त्यात माझाही हात आहे, कारण मी त्या कोर्सच्या सल्लागार मंडळात आहे.

हसून झालं असेल तर पुढं वाच. गेल्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी मला एकाचा फोन आला. बँकेतून बोलायलोय म्हणाला, तुमचं खातं बंद पडायलंय, ओळख पटवायला मालकांचं पूर्ण नाव सांगा. आता मालकांना जाऊन अकरा वर्षं झाली. पण ते होते तेव्हा मी त्यांचं नाव घेतलं नाही, आता काय घेणार. (यात माया वगैरे काही नाही. तोंडाला सवय नाही.) मी म्हटलं, अर्पिताचे आजोबा. तो म्हणाला, नाव. मी म्हटलं, आमच्यात घेत नाहीत. तो म्हणाला, पहिलं अक्षर तरी सांगा. मी म्हटलं, अक्षर सांगितलं म्हणजे नाव सांगितल्यागतच झालं, तुझ्या आईला विचार. असा अर्धा तास गेला. शेवटी त्यानंच फोन ठेवला, आणि ठेवताना पाया पडतो म्हणाला. तो चोर होता हे मला संध्याकाळी अर्पितानं सांगितलं. तोवर मी त्याला नुसता बिनवळणाचा समजत होते. पण कॉलेजात ही गोष्ट पसरली. मला शाल दिली, नारळ दिला, "सजग नागरिक" म्हणून कागद दिला आणि मंडळात घेतलं. मंडळाचा नियम असा की एक माणूस उद्योगातला, एक विद्यापीठातला आणि एक समाजातला. समाज म्हणजे मी.

मी नाहीच म्हणणार होते. पण तुला सुगंधाबाई आठवत असेल, नदीच्या वाटेला मेंढरं घेऊन असते ती. तिनं निम्मी मेंढरं विकून ठेवलेला सगळा पैसा एका फोनवर गेला. त्या माणसानं तिला मावशी म्हटलं. मेंढरं कशी आहेत विचारलं, तिकडं पाऊस कसा आहे विचारलं, कंबर दुखायलीय का विचारलं. तिला घरातल्यांनी कधी एवढं विचारलं नव्हतं. ती रडली नाही. तिनं फोन फडक्यात गुंडाळून पत्र्याच्या डब्यात ठेवला. पोरगा भागवत पिंगळीला असतो, त्याचाही उचलत नाही. वाजला की डब्यावर पाट टाकते. मी तिच्याकडे बसले होते तेव्हा तो डबा दोनदा वाजला आणि दोन्ही वेळा ती माझ्याशी मेंढराच्या खुरांवर बोलत राहिली. म्हणून गेले मंडळात. दुसरं कारण नाही. (चहाबरोबर बिस्किटं देतात, पण ती साखरेची.)

मंडळात उद्योगातला आहे तो आदिनाथ. पुण्याच्या कंपनीतून येतो, वय आमच्या धाकट्याएवढं, गळ्यात पट्टी आणि पट्टीला स्वतःचाच फोटो. विद्यापीठातले दत्तराव सर. त्यांच्या नावापुढं इतकी अक्षरं आहेत की पाटीवर नाव शेवटी बारीक झालंय. पहिल्या बैठकीत आदिनाथ म्हणाला, पोरांना कंपनीत जे चालतं तेच शिकवा, पहिल्या दिवसापासून हातानं करू द्या. दत्तराव सर म्हणाले, पाया आधी, गणित आधी, कंपनीचं काय, ते दर वर्षी बदलतं. मग दोघं एकमेकांकडं न बघता प्राचार्य सरांकडं बघून बोलायले, लग्नाच्या बैठकीत दोन्हीकडचे मामा बोलतात तसं. तीन तास झाले. खोलीत अकरा कॉम्प्युटर होते, आणि त्या तीन तासांत लाईट दोन वेळा गेली. मी विचारलं, लाईट गेल्यावर आधी गणित बंद पडतं का आधी कंपनी? पुढच्या बैठकीच्या कागदात आलं की समाज प्रतिनिधींनी पायाभूत प्रश्न उपस्थित केला. इन्व्हर्टर अजून आलेला नाही. मी दोघांनाही वाईट म्हणत नाही हां. दोघांना विषय कळतो. त्यांना सोनपेठ कळत नाही, एवढंच.

दुसऱ्या बैठकीत आदिनाथनं नवीन काढलं. कंपनीत म्हणे आपल्याच माणसांना खोटा फोन लावून बघतात, कोण फसतंय. तसं इथं करू. पोरांनी गावातल्या चाळीस घरांत बँकेचे साहेब म्हणून फोन लावायचा आणि मोबाईलवर आलेला ओटीपी मागायचा. आकडा कॉलेजच पाठवणार, त्यातून कुणाचं काही जाणार नाही. पण किती जण देतात ते कळेल, म्हणजे कोर्सची गरज कागदावर दिसेल आणि दुसऱ्या वर्षाला कंपनी पाठीशी राहील. दत्तराव सर म्हणाले, माणसांवर प्रयोग करायचा तर त्यांची लेखी परवानगी लागते. आदिनाथ म्हणाला, परवानगी घेऊन फसवायचं कसं? यावर चहा दोनदा झाला. मला दोघांचंही पटायलं होतं, म्हणून मी बिस्किट घेतलं. शेवटी ठरलं की परवानगी घ्यायची, पण दिवस सांगायचा नाही. आणि परवानगीचे कागद घेऊन घरोघर गेलं कोण? तीच पोरं. जी फोन लावणार तीच. आपापल्या गल्लीत. मंडळातल्या एकाच्याही ध्यानात आलं नाही. मी त्या मंडळात बसलेली होते, म्हणून माझ्याही.

निकाल असा लागला. चाळीस घरांपैकी एकोणचाळीस घरांनी ओटीपी दिला.

आदिनाथ कागद वाचून पांढरा पडला. म्हणाला, मी जगात कुठं असा आकडा बघितला नाही. पण मी त्या घरांतून फिरून आले होते, मला खरं काय ते ठाऊक होतं. कुणीही फसलं नव्हतं. पोरगी जाड आवाज काढून म्हणायची, मी बँकेतून साहेब बोलतोय, की पलीकडून यायचं, "कोन, मनिषा का गं? जेवलीस का? थांब, चष्मा घेते, सांगते आकडा." सगळ्यांना वाटलं लेकरांची परीक्षा चाललीय, आपण आकडा दिला नाही तर नापास होतील. सटवाजी किराणावाल्याला त्याचा आकडा सापडेना, तर त्यानं शेजारणीचा दिला. एकीनं एटीएमचा पिनही सांगितला, वर म्हणाली, "राहू दे गं, जास्तीचे मार्क मिळतील." अर्पितानं हे सगळं जसंच्या तसं लिहून काढलं होतं. ती लिहिताना हसत नव्हती.

आणि ज्या एका घरानं ओटीपी दिला नाही, ते सुगंधाबाईचं. फोन उचललाच नाही. कागदावर तिच्या नावापुढं लिहिलं होतं, "सुरक्षित". आख्ख्या गावात एक बाई सुरक्षित, आणि तिच्या पोराला आई जिती आहे का ते शेजाऱ्याला विचारावं लागतं.

बैठकीत मी आदिनाथला म्हटलं, बाबा, लोकांनी चोराला दिलं नाही, आपल्या लेकराला दिलं, आवाज ओळखून दिलं. तो पोरगा म्हणाला, "आजी, चोर पण आपलाच होऊन येतो ना. परका होऊन आला तर कोण देतंय?" वीरभद्रा, मला लगेच मावशी, मेंढरं, पाऊस आणि कंबर आठवली. मी काही बोलले नाही. मी काही बोलले नाही, हे वाक्य वैजयंतीला वाचून दाखव, तिचा विश्वास बसणार नाही. मग दत्तराव सर म्हणाले, पण हा प्रयोग चुकलेलाच होता, यावरून कोर्सला नावं ठेवता येत नाहीत. तेही बरोबर होतं. दोन माणसं पहिल्यांदा एका खोलीत बरोबर होती, आणि उपयोग काही नव्हता.

तेव्हा मी एकच सल्ला दिला, मंडळात आल्यापासूनचा पहिला. म्हटलं, ज्या पोरींनी ओटीपी घेतला त्यांनीच त्या घरी परत जावं, आणि मला सुद्धा देऊ नका म्हणून शिकवावं. ते सोपं नव्हतं. बायका रुसल्या. तुला नाही म्हणायचं? तुला मी न्हाऊमाखू घातलं, आणि तुला नाही म्हणायचं? अर्पिता तीन घरांतून डोळे पुसत आली. मी तिला चहा दिला आणि चौथ्या घरी पाठवली.

सुगंधाबाईकडं ती आठवडाभर गेली. मेंढरांमागं चालली, पायाला काटे भरून घेतले, आणि तिला एकच गोष्ट शिकवली: फोन आला की नाव ऐकायचं, काही सांगायचं नाही, ठेवायचा, आणि आपल्याकडं लिहिलेल्या नंबरवर आपण लावायचा. परवा डबा वाजला. मी तिथंच होते. तिनं पाट काढला, फडकं सोडलं, फोन कानाला लावला आणि म्हणाली, "भागवत म्हनतूस? कोन भागवत? ठिव. मी लावते." आणि ठेवला. मग अर्पितानं चिकटवलेल्या कागदावर बोट ठेवून एकेक आकडा दाबत लावला. पलीकडं भागवतच होता. तो काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. तिनं बराच वेळ नुसतं हूं हूं केलं आणि मेंढरांकडं पाठ केली.

एवढं झालं, पण कंपनीनं तो एकोणचाळीसचा कागद बघून अंग काढून घेतलं. आदिनाथ सांगायला स्वतः आला, पाया पडला, म्हणाला, आजी, माझ्या हातात नाही, साहेब लोक आकडा बघतात, वर्षभर शिकवून गाव असं फसत असेल तर पैसे कशाला घालायचे म्हणतात. मी त्याला भाकरी वाढली. तर आता मंडळात विद्यापीठ आहे, समाज आहे, उद्योग नाही. उद्योगाच्या सहीवाचून दुसऱ्या वर्षाला मंजुरी नाही, आणि कागद पंधरा दिवसांत गेला पाहिजे. प्राचार्य सर परभणीपर्यंत दहा दुकानं फिरून आले. सगळ्यांनी चहा पाजला.

बाकी सगळं ठीक. तुला हे नुसतं खुशालीचं पत्र आहे, यात मागणं काही नाही. गुडघ्याला तेल लाव, आणि लावलं असं सांगू नको, लाव.

तुझी थोरली,
चन्नबसम्मा
(शिक्षण चौथी, सल्लागार)

ता. क. उदगिरातली तुझी दालमिल सरकारदरबारी उद्योग म्हणून नोंदलेली आहे, हे मला काल दुपारी ध्यानात आलं. तिथं कॉम्प्युटर पण आहे. तू उद्योगातला सल्लागार हो. वर्षातून तीन बैठका, बस सरळ येते, उतरवून घ्यायला पोरं येतील.

ता. क. दुसरा. तुझं नाव मी देऊन ठेवलंय. फॉर्मवर "उद्योगाचा प्रकार" यापुढं दाळ लिहिलं, आणि "सुरक्षेचा अनुभव" यापुढं लिहिलं, गोदामात बावीस वर्षांत चोरी नाही. दत्तराव सरांनी वाचलं, चष्मा पुसला आणि सही केली. विद्यापीठाची माणसं मिल बघायला येतील, त्याआधी कॉम्प्युटरच्या वर भिंतीवर खडूनं लिहिलेला पासवर्ड पुसून टाक. तो उदगिरातल्या सगळ्या हमालांना पाठ आहे, मला सुद्धा आहे.

ता. क. तिसरा, आणि हा वैजयंतीला वाचून दाखवू नको. त्या चाळीस घरांत आपलंही घर होतं. फोन अर्पिताचाच होता, माजघरातून लावलेला. तिचा आवाज कापायला होता. तिनं मागायच्या आधीच मी आकडा सांगितला. तिनं कागदावर माझं नाव लिहिलं नाही, "वृद्ध महिला, एक" एवढंच लिहिलं, आणि सजग नागरिकाचा कागद अजून भिंतीवर आहे. तेव्हा आपल्या माणसाला नाही म्हणता येत नाही हा रोग काय असतो ते मला आतून कळलंय. तूही मला आजवर कधी नाही म्हणालेला नाहीस. ती सवय वाईट आहे, सोडून दे. सही झाल्यावर सोड.