चौदा नंबरचा ड्रेस

१९ एप्रिल २०१६, मंगळवार

आज पुन्हा तोच! ऑपरेशन थिएटरचे, आमच्या ओटीचे, हिरवे ड्रेस सगळ्यांचे मिळून — हाताला येईल तो घालायचा. माझ्या हाताला नेमका चौदा नंबर येतो. धुऊन आलाय म्हणे. मग बाहीवर तो तपकिरी डाग कसला? टँकर एक दिवसाआड येतो, त्यात लाँड्रीतली आवडाबाई काय धुणार नि काय उकळणार! काविळीचा विषाणू, तो ‘बी’वाला, वाळलेल्या रक्तातही आठवडाभर जिवंत राहतो. लशीच्या तीन डोसांपैकी माझे दोनच झालेत. त्यात नखाजवळ चिरलंय. दिवसभर ते बोट बाहीपासून लांब धरून फिरले.

नव्या सिस्टरला, मनस्विनीला, ही काळजी नाही. बाईसाहेबांनी औरंगपुऱ्यातल्या टेलरकडून स्वतःचे दोन ड्रेस शिवून आणलेत!

२१ एप्रिल

चौदाचा खिसा उसवला होता. जखमा शिवायच्या काळ्या सिल्कचा तुकडा उरला होता, त्यानंच सहा टाके घातले. मनस्विनी शेजारी उभी राहून बघत होती. “काय सफाई आहे ताई तुमच्या हाताला!” मला या ओटीत अकरा वर्षं झाली, आणि ही चार महिन्यांची पोर मला शाबासकी देणार.

२४ एप्रिल, रविवार

जळते मी तिच्यावर. लिहून टाकलं एकदाचं.

आमच्या नळाला पाचव्या दिवशी पाणी, तेही पाऊण तास. ती बीड बायपासच्या नव्या सोसायटीत राहते. बोअर आहे, वॉशिंग मशीन आहे. तिच्या ड्रेसला साबणाचा वास येतो, माझ्या ड्रेसला दुसऱ्यांच्या घामाचा. काल सरांनी मोठ्या ऑपरेशनला हाक कुणाला मारली? “मनस्विनी, तू ये.” मी हात धुऊन तयार उभी होते! जूनमध्ये तिचं लग्न. पत्रिका मलाच पहिली दिली, पाया पडून. तेही मला खपलं नाही.

२६ एप्रिल, मंगळवार

संध्याकाळी अचानक सीझर आलं. फाइलवर पिवळी पट्टी — हिपॅटायटीस बी पॉझिटिव्ह. आणि माझ्या अंगात चौदा नंबर! बाळ रडलं आणि आईचा बीपी एकदम उतरला. कुणी रक्त मागवतंय, कुणी सलाइन. मी काय उचललं, काय कुठं ठेवलं, काही सुधरेना. वाचल्या दोघी. ड्रेस टोपलीत फेकला आणि घरी येऊन दोन बादल्या अंगावर ओतल्या. ह्यांनी आरडाओरडा केला, “उद्या काय पिणार आपण?”

२७ एप्रिल, दुपार

सकाळी मी ड्रेसच्या गठ्ठ्यापुढं नाक मुरडून उभी. मनस्विनी म्हणाली, “ताई, तुम्हाला डागांची भीती वाटते ना? माझा जादाचा घाला. मी यातला घेते.” नको म्हणायला हवं होतं. घातला. इतका मऊ! आणि रागच आला. देऊनही मोठी तीच झाली.

साडेअकराला तिनं खिशात हात घातला आणि किंचाळली. सुई! वापरलेली. बोटातून रक्त. सर ओरडले, “कुणाची सुई? कुठला पेशंट?” जो तो आपापले खिसे चाचपायला लागला. तिचा लशीचा एकच डोस झालाय. पेशंट पॉझिटिव्ह असेल तर खास इंजेक्शन मागवायचं, तेही चोवीस तासांच्या आत. नसेल तर नुसती लस पुरे.

पहिल्यांदा माझ्या मनात आलं — वाचले मी. मग आलं — बरं झालं, जिरली. हो, हेच आलं.

२७ एप्रिल, संध्याकाळ

आवडाबाईनं जिन्यात गाठलं. “सिस्टर, कालचे कपडे धुतलेच नाय. टँकरच नाय आला. झटकले अन् घड्या घालून ठेवले. लई चुकलं माझं. कुणाला सांगू नका.”

“तिनं कुठला घातला होता?”

“चौदा की. तुमचाच.”

२८ एप्रिल, सकाळी सहा

आठवलं. सगळं आठवलं. त्या पिवळ्या पट्टीवालीचं रक्त मीच काढलं. सुई टाकायचा डबा पलीकडं, बीपी उतरलेला, दोन्ही हात हवे होते. एका क्षणापुरती म्हणून खिशात ठेवली. माझीच सुई. दुसऱ्यांच्या रक्ताला भिऊन मरत होते, आणि मीच ते खिशात भरून ठेवलं!

सांगितलं तर नोकरी जाईल. नाही सांगितलं तर कुणालाच कळणार नाही. आवडाबाई बोलणार नाही, ती स्वतःच अडकलीय. साडेअकराला चोवीस तास पूर्ण होतात.

तिचं जूनमध्ये लग्न आहे.

२८ एप्रिल, दुपार

सव्वादहाला मेट्रनच्या खोलीत गेले आणि सांगून टाकलं. पेशंटचं नावही. इंजेक्शन कसंबसं धावपळीत आलं, अकरा वाजून दहा मिनिटांनी दिलं. माझं काय ते उद्या ठरणार.

मनस्विनी दंडावर कापूस दाबून बसली होती. माझ्याकडं न बघता म्हणाली, “खिशाचे ते काळे टाके मी कालच ओळखले होते, ताई. साडेदहापर्यंत तुमची वाट बघून मग मीच सांगणार होते.”